सदतीस सेकंदांचं मिनिट

नवऱ्याच्या आजारपणात मी नर्सची नोकरी सोडली, त्याला अकरा वर्षं झाली होती. तो गेल्यावर वर्षभराने एका शुश्रूषागृहात जागा मिळाली. तीन महिने उमेदवारी, काम पसंत पडलं तर पक्की. मेट्रनबाईंनी पहिल्याच भेटीत माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"घड्याळ कुठंय?"

मी मोबाइल दाखवला.

"वॉर्डात मोबाइल चालत नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागेल. सोमवारी ते हातात असेल तरच या."

माझ्या दिरांना हे कळलं आणि ते खूश झाले. छत्री घ्यायची तरी भावजी तीन रविवार घालवतात. त्यांनी वहीत रकाने आखले. पांढरी तबकडी. साठच्या साठ खुणा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. सेकंदकाटा वेगळ्या रंगाचा आणि खुणेपर्यंत पोचणारा. पट्टा धुता येईल असा. शेवटच्या रकान्यात किंमत, आणि तिच्याखाली दोन रेघा, कारण पाकिटात जेवढे होते त्याहून एक पैसाही जास्त काढण्यासारखी परिस्थिती नव्हती.

"वहिनी, कंपनीचं नाव बघू नका. निम्मे पैसे नावालाच जातात. काटा बघा, काच बघा, मागचं झाकण बघा."

शनिवारी आम्ही पाच दुकानं पालथी घातली. परवडणाऱ्या घड्याळांत एकाचा पट्टा मनगटावरची लव ओढायचा, एकाचा काटा दोन खुणांच्या मधेच कुठेतरी थांबायचा. एकात मोठ्या तबकडीच्या पोटात आणखी तीन छोट्या तबकड्या होत्या. भावजी म्हणाले, "हे विमान चालवणाऱ्याचं आहे. विमान मिळणार असेल तर घ्या." पाचव्या दुकानातून बाहेर पडलो तेव्हा माझे पाय बोलायला लागले होते आणि भावजींचा उत्साह तसूभरही कमी झाला नव्हता.

शेवटी एका जिन्याखाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान दिसलं. आत एकच माणूस बसेल एवढी जागा. डोळ्याला भिंग लावून घड्याळवाला काम करत होता. आमच्या अटी त्याने ऐकून घेतल्या, खालच्या खणातून एक ट्रे काढला आणि त्यातलं एक घड्याळ उचललं. मग क्षणभर ते परत ठेवावं की काय अशा बेतात तो थांबला.

पोलादी, चावीचं. पांढरी तबकडी, काळे आकडे, लाल सेकंदकाटा, आणि साठ खुणा इतक्या स्वच्छ की चष्म्याशिवाय मोजाव्यात. भावजींच्या वहीतला एकही रकाना रिकामा राहिला नाही.

"यात बिघाड काय आहे?" भावजींनी विचारलं. इतकं चांगलं घड्याळ एवढ्या किमतीत मिळतंय याचा त्यांना संशयच आला.

"बिघाड नाही." त्याने घड्याळ एका छोट्या यंत्रावर ठेवलं. टिकटिक ऐकून ते यंत्र पडद्यावर रेघ काढत होतं. रेघ सरळ गेली. "तीनदा विकलं, तीनदा परत आलं. दर वेळी उघडून पाहिलं. काही सापडलं नाही."

"लोक परत का आणतात?" मी विचारलं.

"धड कुणी सांगत नाही." तो फडक्याने काच पुसत राहिला. "नवं घ्यायचं असेल तर नवं घ्या, बाई. मी आग्रह करत नाही."

नवं घ्यायला पैसे असते तर आम्ही त्या जिन्याखाली वाकून उभे राहिलो नसतो. मी ते घेतलं.

वॉर्डात सहा खाटा होत्या आणि कोपऱ्यात काचेच्या दाराची एक वेगळी खोली. दिवसातून चार वेळा प्रत्येकाची नाडी मोजायची. आमच्या कामात पूर्ण मिनिट कुणी मोजत नाही. पंधरा सेकंद मोजायचे आणि चाराने गुणायचं. डाव्या मनगटावर घड्याळ, उजव्या हाताची दोन बोटं पेशंटच्या मनगटावर. अकरा वर्षांनंतरही बोटं विसरली नव्हती.

पहिल्या खाटेवरच्या आजींचे पंधरा सेकंदांत अठरा ठोके. बहात्तर. दुसऱ्या खाटेवर बहात्तर. तिसऱ्यावर बहात्तर. मला बरं वाटलं. सगळे सुधारतायत असं मी घरी भावजींना सांगितलंसुद्धा.

कोपऱ्यातल्या खोलीत पेंटरकाका होते. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. खुब्याचं हाड जोडून झालं होतं, पण अंगात ताकद भरत नव्हती. मी पहिल्यांदा त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी माझं घड्याळ डोळे बारीक करून पाहिलं.

"हा चार बघा, सिस्टर. काय ताठ उभा आहे! छापलेला वाटत नाही. हाताने काढलाय कुणीतरी."

"बोलू नका, आकडा चुकतो."

"तुमचा चुकेल. हा नाही चुकायचा."

बोटांखाली त्यांची नाडी पळत होती. हे मला कळलं होतं, हे मी कबूल करते. पण काटा पंधरावर आला तेव्हा ठोके अठराच झाले होते, आणि आम्हाला शिकवलेलं असतं की हाताला काय वाटतं ते लिहायचं नसतं, आकडा लिहायचा. मी बहात्तर लिहिलं.

आठव्या दिवशी मेट्रनबाईंनी मला बोलावलं. टेबलावर माझे सगळे चार्ट पसरलेले होते.

"सात पेशंट, सात दिवस, दिवसाला चार वेळा. सगळीकडे बहात्तर. खुर्चीत बसून भरलेत का?"

नर्सला याहून मोठी शिवी नाही. त्या उठल्या, मला घेऊन थेट पेंटरकाकांच्या खोलीत गेल्या आणि स्वतःच्या घड्याळावर नाडी मोजली. एकशे सोळा.

"एवढी पळतेय आणि तुम्हाला कळली नाही?"

"मी पुन्हा मोजते," मी म्हटलं.

"मोजा. आणि यापुढे माझं लक्ष आहे, हे ध्यानात ठेवा." त्या गेल्या.

मी काकांचा हात धरला. त्या खोलीच्या काचेच्या दारातून व्हरांड्यातलं भिंतीवरचं घड्याळ दिसतं. वॉर्डातून ते दिसत नाही. त्यालाही सेकंदकाटा होता. मी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्या मनगटाकडे पाहायला लागले.

माझा काटा पळत होता. घाईत असलेल्या माणसासारखा, काकांच्या नाडीबरोबर. भिंतीवर सदतीस सेकंद झाले तेव्हा माझं मिनिट पूर्ण झालं होतं.

मी हात सोडला. दोन्ही घड्याळं पाहिली. माझं तेवीस सेकंद पुढे असायला हवं होतं. ते नव्हतं. सेकंदाला सेकंद जुळत होता. काटा मागे उडी मारताना मला दिसला नव्हता, आणि मी डोळ्याची पापणीही लवू दिली नव्हती.

दुपारी मी हे आजींच्या खाटेपाशी करून पाहिलं. त्यांची नाडी मंद होती, आणि काटा एकेका खुणेवर पाय टेकत टेकत चालला. हात सोडला की सरळ.

संध्याकाळी मी घड्याळवाल्याकडे गेले. त्याने ते यंत्रावर ठेवलं. रेघ सरळ.

"तुम्ही हे एकदा हातात घाला आणि माझी नाडी धरा," मी म्हटलं.

त्याने भिंग काढलं. "माझं काम यंत्रापर्यंत आहे, बाई. हातात मी ते घालत नाही." मग म्हणाला, "ठेवून जाता का?"

ठेवून दुसरं घेण्याची सोय नव्हती. मी ते परत मनगटावर बांधलं. घरी अंडी उकडताना लावायचा टायमर होता, तो दुसऱ्या दिवसापासून खिशात टाकून नेला आणि सगळ्यांची नाडी त्याच्यावर मोजायला लागले. चार्टवरचे आकडे माणसासारखे वेगवेगळे झाले. चार्ट उलटताना मेट्रनबाईंच्या कपाळावरची आठी गेली.

पुढचे दोन-अडीच महिने घड्याळ मी फक्त पेंटरकाकांसाठी वापरत राहिले.

डॉक्टरांनी त्यांना दोनदा तपासलं. ताप नाही, हृदय ठीक. नाडी का पळते ते कळेना. मला कळलं, कारण मला ती दिसत होती. मी हात धरून बसले की काटा हळूहळू शांत व्हायचा. पाच मिनिटांनी पन्नास सेकंदांचं मिनिट व्हायचं, दहा मिनिटांनी छप्पनचं. भिंतीवरच्या घड्याळाशी जवळजवळ जुळायचं. मी उठण्याची नुसती हालचाल केली की पुन्हा पळायला लागायचा.

"भीती कशाची वाटते, काका?" एकदा मी सरळच विचारलं.

ते छताकडे पाहत राहिले. "पाटी रंगवायला शिडीवर चढायचो ना, तेव्हा खाली एक माणूस शिडी धरून उभा राहायचा. काही करायचा नाही तो. नुसता धरायचा. तेवढा असला की भागतं." मग हसून म्हणाले, "जायचं तर आहेच हो, सिस्टर. फक्त त्या वेळी कुणीतरी धरलेलं असावं."

"मी आहे की," मी म्हणाले. माणूस बोलून जातो. पण मी ते मनापासून बोलले होते.

मग मी रोज वीस मिनिटं बसायला लागले. मेट्रनबाईंच्या ते नजरेत आलं.

"एका पेशंटला पाच मिनिटं. तुम्ही त्यांची मुलगी नाही, सिस्टर."

"त्यांची नाडी उतरते."

"औषधाने उतरते. पक्कं व्हायला नऊ दिवस राहिलेत तुमचे. मला तुम्हाला घ्यायचंय, उगाच अडचण करू नका."

त्या वाईट बाई नव्हत्या. हे मी आजही म्हणते.

त्याच दिवशी दुपारी चादरींची मोजदाद होती. कपड्यांच्या खोलीत मी शिडीवर उभी राहून आकडे सांगत होते आणि मेट्रनबाई खाली यादी घेऊन टिपत होत्या. खोली तळमजल्यावर, वॉर्ड दोन जिने वर.

"एकेरी चादरी?"

"चाळीस," मी म्हटलं, आणि मनगटाकडे लक्ष गेलं.

माझ्या हातात कुणाचंही मनगट नव्हतं. काटा पळत होता. इतक्या जोरात पळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. खुणा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसत होत्या.

"उशांचे अभ्रे?"

मला म्हणता आलं असतं की मी वर जाऊन येते. नऊ दिवस, माझ्या डोक्यात आलं. आणि सांगणार तरी काय? घड्याळ पळतंय म्हणून?

"सिस्टर, अभ्रे?"

"छत्तीस," मी म्हटलं.

टॉवेल मोजले. ब्लँकेटं मोजली. मग काटा संथ झाला आणि सरळ चालायला लागला. मला केवढा धीर आला! वाटलं, कुणीतरी त्यांच्याजवळ जाऊन बसलं.

वर गेले तेव्हा त्यांच्या उशाशी चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती. त्यांच्याजवळ कुणीही गेलं नव्हतं. त्यांचा हात खाटेबाहेर आला होता, आणि बोटं मुडपलेली होती, काहीतरी पकडल्यासारखी.

मी त्या दिवशी रडले. मेट्रनबाईंनी मला पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

नऊ दिवस गेले. पक्की झाल्याचं पत्र मिळालं. भावजींनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. घड्याळ या सगळ्या दिवसांत सेकंदानेही चुकलं नाही.

दहाव्या दिवशी, दुपारी तीनला, मी त्या कोपऱ्यातल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी नवा पेशंट येणार होता. खाटेवर नवी चादर घातली, कोपरे दुमडले, खिडकी उघडली. लख्ख ऊन आत आलं.

दाराशी पोचले आणि काटा पळायला लागला.

मी थांबले. तो पळतच होता.

मी एक पाऊल मागे आले. जरा मंदावला.

बाहेर ट्रॉलीचा आवाज येत होता. कुणीतरी हसलं. सगळं रोजच्यासारखं होतं.

मी खाटेशेजारच्या खुर्चीत बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

काचेतून व्हरांड्यातलं घड्याळ दिसत होतं. माझं मिनिट चाळीस सेकंदांचं झालं. मग पन्नास. मग छप्पन.

"इथेच आहे मी," मी हळूच म्हणाले.

दोन्ही काटे जुळले.

मी उठायला गेले, आणि उठता येईना. डाव्या मनगटावर, पट्ट्याच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला, नाडी जिथे लागते नेमक्या तिथे, दोन बोटं टेकलेली होती. ती गार नव्हती.

माझे दोन्ही हात मांडीवर, एकमेकांपासून वीतभर लांब होते.