भुकेविना डोहाळजेवण

जनुकशमन प्रयोगशाळेतल्या पडद्यावर गर्भाचा अहवाल उमटला आणि डॉ. मृदुला खर्शीकरांनी चष्मा काढून डोळे चोळले. आज घरी लेकीचं, ऋजुताचं डोहाळजेवण. बायका जमल्या असतील, आणि होणारी आजी अजून इथेच.

"साठवण-जनुक जागं झालंय," सहकारी डॉ. तिरोडकर म्हणाले. "बाळ जन्मभर खाल्लेलं अंगावर साठवणार. ऋजुतासारखंच."

"पण ऋजुताचं आपण झोपवलं ना?"

"म्हणून तर! पोटात असताना उपासमार झाली की हे जनुक जागं होतं. बाहेर दुष्काळ आहे, असा गर्भाचा समज होतो. ऋजुताच्या वेळी तुमच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. आता आपल्या लशीने तिची भूकच मारलीय. चार घासांत तिचं जेवण संपतं, बाळाला काय मिळणार?"

"उपाय?"

"उतारा-लस, ती पण आजच. तिची भूक परतेल, बाळाचं जनुक झोपेल. मात्र तिचं वजनही परतेल."

रोगापेक्षा इलाज भयंकर, म्हणतात ते हेच. लस पर्समध्ये टाकून मृदुलाबाई घरी आल्या.

हिरव्या साडीतली, फुलांच्या दागिन्यांतली ऋजुता पंचपक्वान्नांच्या ताटापुढे नुसती हसत बसली होती. मृदुलाबाईंनी तिला आतल्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे मी पुन्हा तशी होणार?"

"बाळासाठी गं, राणी."

"आई, लोक मला आधी हसायचे, मग नाव विचारायचे. आत्ता कुठे मी माणसांत आलेय." तिचे डोळे भरून आले. "मी नाही घेणार लस."

मृदुलाबाईंना तिचा रागही येईना, नुसती कीव आली. तिची, आणि स्वतःचीही.

बाहेरून हाका सुरू झाल्या. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. ऋजुताने झाकण उचललं. बर्फी! बायकांनी टाळ्या पिटल्या. तिने ती न चाखताच आईच्या हातावर ठेवली.

"मोठी झाली की तिलाही तुझी लस देऊ," ती आईच्या कानाशी पुटपुटली. "मग झालं?"

"आणि तिला दिवस गेले की?"

"तेव्हाचं तेव्हा," ऋजुता म्हणाली आणि तिने ओटीसाठी पदर पुढे केला.