सांचीने शोधलेला भक्षक

वत्सलाबाई धामणकरांनी मिरजेत औषधालय थाटले. त्यांच्या सुनेने, म्हणजे मी मृणालिनीने, जीवाणूंची प्रयोगशाळा उभारली. माझी कन्या आर्वी तेथे यंत्रमानव घडवते. आर्वीची आठ वर्षांची लेक सांची २०६१ साली तापाने फणफणली.

"लघवीच्या मार्गात जीवाणू शिरलेत," आर्वीचा यंत्रमानव भीमा म्हणाला. "दिलेली तिन्ही प्रतिजैविके (जीवाणू मारणारी औषधे) हरली. उशीर झाला तर मूत्रपिंडांना इजा होईल."

"आजी, मागच्या वेळी याच औषधानं बरं वाटलं होतं. आता का नाही?" सांचीने विचारले.

मी फ्रिज उघडला. दारात मागच्या वेळच्या औषधाची अर्धी बाटली.

"ताप उतरला की बंद करते, आई. उरलेलं पुढच्या तापाला. सगळेच ठेवतात," आर्वी पुटपुटली.

"सगळे म्हणजे धामणकर नव्हेत."

मग मी सांचीला समजावले. अर्धवट औषधाने दुबळे जीवाणू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. हाच औषधरोध (औषधाला न जुमानण्याची शक्ती). अशांवर जीवाणूभक्षक (जीवाणूंना मारणारा विषाणू) सोडतात. तो जीवाणूला चिकटतो, आत शिरकाव करून आपल्यासारखे अनेक भक्षक घडवतो आणि जीवाणू फुटतो. आपल्या पेशींना तो शिवत नाही. मात्र प्रत्येक भक्षकाचा जीवाणू ठरलेला असतो.

आमच्या संग्रहातील एकही भक्षक सांचीच्या जीवाणूला लागू पडेना.

"आजी, भक्षक राहतात कुठं?"

"जिथे त्यांचे खाद्य, तिथे."

"मग माझे जीवाणू फ्लश केल्यावर जातात, तिथंच शोधा ना."

आमच्याच घरच्या गटाराचे माझ्या तज्ज्ञांना सुचले नव्हते.

"म्हणजे गटारात मी उतरायचं," भीमा म्हणाला. "नंतर आंघोळ कोण घालणार?"

"आर्वी," मी म्हटले.

सांडपाणी गाळून त्याचा थेंब सांचीचे जीवाणू वाढवलेल्या बशीत सोडला. सकाळी गढूळ थरावर नितळ ठिपके उमटले होते. तेथील जीवाणू फस्त झाले होते. तो भक्षक शुद्ध करून डॉक्टरांनी सांचीला दिला. ताप उतरला, तरी उपचार शेवटपर्यंत झाला. मी जातीने पाहिले. मूत्रपिंडे सुखरूप राहिली.

पुढे जॉर्जिया देशातील एका प्रयोगशाळेतून या भक्षकासाठी विचारणा आली. तेथील एका मुलाला सांचीच्याच जातीचा हट्टी जीवाणू जडला होता. आर्वी लहानपणी याच दुखण्याने अत्यवस्थ असताना त्याच लोकांनी भक्षक पाठवून तिला वाचवले होते, आणि मोबदला नाकारला होता.

सांचीने स्वतः भक्षकाची कुपी बंद केली.

"आपण काही मागायचं नाही ना, आजी?"

"नाही."

मूल बरे झाल्याचा निरोप आला, तेव्हा मी आर्वीला जवळ बोलावले. तिच्या प्राणाचे ऋण तिच्या लेकीने पुरते फेडले होते.