अकरा ते तेरा

गुन्हा मुलीने केला होता.

हे वाक्य खरं तर शेवटच्या पानावर जायचं होतं, इथे कसं घुसलं कोण जाणे. आपण ते वाचलेलं नाही.

तर, शिंपीकाका टाचणीबाईंकडे आले तेव्हा त्यांच्या हातात मेटल डिटेक्टर होता आणि बुटांतून काळी वाळू गळत होती. टाचणीबाई खाजगी गुप्तहेर; अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून हे नाव पडलेलं. त्यांचे सहकारी भाऊसाहेब, निवृत्त कारकून. त्यांनी आधी वाळू झाडली, मग काकांना खुर्ची दिली.

"बायकोची अंगठी चोरीला गेलीय," काका म्हणाले.

"कुठून?"

"वाळूतून."

भाऊसाहेबांनी लिहून घेतलं: पत्ता, वाळू.

आजारपणात काकूंची बोटं पार वाळली होती. किनाऱ्यावर उतरायच्या जिन्यापाशी दोघं बसले असताना अंगठी गळून पडली. महिन्याभरात काकूही गेल्या. गेले पाच महिने काका रोज सकाळी तीच वाळू शोधत होते.

"सापडत नाही म्हणजे कुणीतरी उचलली. चोराला मी काही करणार नाही हो. फक्त परत मागीन."

टाचणीबाईंनी त्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. खिळे, नाणी, किल्ल्या, नळाची एक तोटी.

"यंत्र चालू करा."

बाईंनी यंत्राच्या खालच्या चकतीवरून किल्ली फिरवली. यंत्र ओरडलं. काकांनी मग शिंप्याच्या सवयीने चकती हाताने झटकून साफ केली, दोनदा. त्यांच्या बोटात बारीक सोन्याची अंगठी होती.

"हिचीच जोडी ती," ते म्हणाले. खोलीत सगळं शांत होतं.

यंत्र विकणारा दुकानदार भेटला तो वैतागलेलाच.

"त्या काळ्या वाळूत लोखंड असतं. साधं यंत्र तिथे उगाचच बोंबलत सुटतं. म्हणून काकांना अनेक फ्रिक्वेन्सींचं दिलं. चकती वाळूवर खालीवर करायची. यंत्र गप्प झालं की वाळूशी जुळलं. संवेदनशीलता कमी ठेवायची. लोक ती वाढवतात आणि शिव्या मला देतात."

"एखादाच धातू गप्प करता येतो?"

"येतो की. प्रत्येक धातूला यंत्रावर आकडा असतो, नको तो बंद करायचा. पण काकांना बटणं कुठे दिसतात? मुलगी लावून देते रोज."

किनाऱ्यावर एक टोपीवाला वाकून खणत होता. तोही रोजचा शोधणारा. त्याची बादली थंड पेयांच्या डब्यांच्या कड्यांनी भरली होती.

"अंगठी तुम्ही चोरलीत?" भाऊसाहेबांनी थेट विचारलं.

"चोरली असती तर घरी झोपलो असतो. कंबर बघा माझी."

"मग या कड्या कशाला गोळा करता?" बाईंनी विचारलं.

"हौस आहे का मला? कडी आणि बारीक सोनं, आवाज सारखाच. कडी गप्प केली तर सोनंही गप्प."

काकांची मुलगी कानाची यंत्रं बसवायची. एका आजोबांच्या यंत्रातली खरखर ती बंद करत होती.

"अंगठी सापडावी असं वाटतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"बाबा हल्ली सहाला उठतात," मुलगी म्हणाली.

भाऊसाहेबांनी लिहिलं: उत्तर दिलं नाही, वेळ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीबाईंनी बापलेकीला जिन्यापाशी बोलावलं.

"अंगठी कुणीही चोरलेली नाही," त्या म्हणाल्या. "चोरला गेलाय तिचा आवाज. टोपीवाल्याच्या बादलीत शेकडो कड्या, काकांच्या पिशवीत एकही नाही. किनारा तोच. म्हणजे काकांच्या यंत्रात कडीचा आवाज बंद आहे, आणि त्याबरोबर सोन्याचाही. काल काकांनी अंगठी घातलेला हात चालू चकतीवरून दोनदा फिरवला. यंत्राने हूं की चूं केलं नाही."

"बिघडलं असेल," भाऊसाहेब म्हणाले.

"किल्लीला ओरडलं ना? अकरा ते तेरा, तीनच आकडे बंद आहेत. मी पाहिलं. काकांना बटणं दिसत नाहीत. यंत्र रोज एकच माणूस लावतं, आणि नको ते आवाज बंद करणं हा त्या माणसाचा धंदाच आहे."

मुलगी वाळूकडे बघत होती.

"आई गेल्यावर तुम्ही पहिले तीन महिने खाटेवरून उठला नाहीत, बाबा. भिंतीकडे तोंड करून पडायचात. अंगठीसाठी उठलात. ती सापडली असती तर दुसऱ्या दिवशी कशासाठी उठला असतात?"

काकांनी बोटातली अंगठी फिरवली.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तुझी आई रुसलीय माझ्यावर. म्हणून सापडत नाही."

मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लाव गं नीट," काका म्हणाले. "लाव."

तिने तिन्ही आकडे उघडले. एकोणीस कड्या निघाल्या. विसाव्या आवाजाला काका गुडघ्यावर बसले आणि खणता खणता थांबले. अंगठी त्यांच्या करंगळीलाही होईना. मुलीचा हात धरून ते घरी गेले, ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मात्र ते भाऊसाहेबांच्या दारात उभे होते. अर्ज लिहून हवा होता. भाऊसाहेबांनी एकही प्रश्न न विचारता पेनाचं टोपण काढलं.

"प्रति, किनारा कार्यालय, हरवले-सापडले विभाग. विषय: सापडलेली वस्तू मालकास परत करण्याबाबत. महोदय, नियमानुसार सापडलेली वस्तू मूळ मालकास पोचवणे ही आपल्या कार्यालयाची जबाबदारी आहे. पोच मिळेपर्यंत अर्जदार रोज सकाळी सातपासून आपल्या कार्यालयाबाहेरील बाकावर उपस्थित राहील. तरी सोबतची अंगठी मूळ मालकिणीच्या हाती देऊन, तिच्या सहीची पोच अर्जदारास मिळावी, ही विनंती."