दांडीचे बूट

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण त्या घरात मी स्वतः होतो. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपार होती.

जोयडा तालुक्यात कुंभारवाड्याच्या पुढं, जंगलात चार-पाच घरांची एक वाडी आहे. माझी थोरली बहीण सुमंगला तिथं दिलेली. मी तिला अक्का म्हणतो. ही गोष्ट गेल्या मळणीच्या दिवसांतली.

अक्काची मुलगी श्वेता जन्मली, तेव्हा तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती. बेळगावच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला नवं प्लास्टर घालत ती सरळ केली. मग बूट दिले. दोन बूट, आणि दोघांना जोडणारी लोखंडी दांडी.

"झोपताना रोज घालायचे. दुपारीसुद्धा. सोडलेत, तर पाय परत वळतील," डॉक्टरांनी बजावलं होतं.

श्वेता त्या बुटांत रडायची.

तिची आजी, म्हणजे अक्काची सासू फुलाबाई, हिला ते बघवायचं नाही. पोर तिच्याच कुशीत झोपायची. घर निजलं की म्हातारी हळूच पट्टे सोडायची, पायांना खोबरेल चोळायची. बूट परत घालायला तिला जमायचं नाही. सकाळी म्हणायची, "आत्ताच काढले."

डावं पाऊल परत वळलं. परत प्लास्टर.

त्या दिवशी अंगणात, शेजाऱ्यांदेखत, अक्का सासूला बोलली. "तुमच्या हातानं माझी पोर लंगडी झाली. ह्यापुढं तिला हात लावायचा न्हाई!"

त्यानंतर फुलाबाईनं खरंच पोरीला हात लावला नाही. उंबऱ्यावर बसून नुसती बघायची. गणपतीच्या आधी ती तापानं गेली.

प्लास्टर निघालं. बूट पुन्हा सुरू झाले.

मळणीला सुरुवात झाली, तशी एका दुपारी अक्का तीन वर्षांच्या पोरीला आतल्या खोलीत निजवून खळ्यावर गेली. घाईत बूट राहिले. आठवण झाली तशी ती पळत घरी आली.

बूट श्वेताच्या पायांत होते...

डावा उजव्यात. उजवा डाव्यात. आणि पावलं तेलानं ओली.

अक्कानं नवऱ्याला विचारलं. दाजी म्हणाले, "मी खळ्यावरच न्हाई का तुझ्यासंगं?"

दुसऱ्या दिवशी अक्कानं मुद्दाम बूट उशाला ठेवले आणि दाराला बाहेरून कडी घातली. परत आली तेव्हा बूट पायांत होते. या वेळी बरोबर पायांत. पण मोजे उलटे.

त्यानंतरच्या दुपारी मोजेही सुलटे होते. तेल नव्हतं.

कुणीतरी शिकत होतं...

अक्कानं मला फोन केला. तिचा आवाज ऐकून मी रामनगरहून लगेच गाडी काढली.

आम्ही दोघं पडवीत बसलो. आत श्वेता झोपलेली, बूट तिच्या शेजारी. खोलीला दुसरं दार नाही. माझी नजर दारावरच होती.

बराच वेळ काही नाही. बाहेर खळ्यावर दाजी बैलांना हाकत होते. मग तोही आवाज थांबला.

खर्र...

पट्टा ओढल्याचा आवाज.

मी अक्काकडं बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

खर्र...

आम्ही आत गेलो. श्वेता जागी होती. एक बूट पायांत होता, दुसरा अर्धा चढलेला. पोरीचा पाय जमिनीपासून वर होता. कुणीतरी मांडीवर घ्यावा, तसा... अधांतरी.

ती रडत नव्हती. समोर बघत होती. म्हणाली, "आई, आज्जी रडती."

मी दाराशीच थांबलो. पण अक्का खाली बसली. त्या रिकाम्या जागेसमोर हात जोडले.

"आत्ती, मला ठावं होतं," ती म्हणाली. "तुम्ही बूट काढताय, मला ठावं होतं. दिवसभर राबून माझं अंग मोडायचं. पोर गप झोपायची म्हणून मी बी गप बसले. आणि डॉक्टर बोलले, तवा सगळं तुमच्यावर ढकललं. मला माफ करा."

पोरीचा पाय सावकाश खाली आला. कुणीतरी जपून ठेवावा, तसा.

दुसरा बूट तसाच अर्धा राहिला.

त्या दिवसापासून त्या घरात काही झालेलं नाही. श्वेताचा पाय सरळ आहे, डॉक्टर खूश आहेत. दाजी म्हणतात, म्हातारी सुटली.

अक्काला तसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. दुपारी पोर निजली. अक्कानं बूट तिच्या शेजारी ठेवले आणि पडवीत येऊन बसली. कान आत लावून.

"अक्का, हे काय?"

"जरा थांबते. मग मीच घालते," ती म्हणाली. "माफ करून गेल्या, का काम अर्धं टाकून रुसून गेल्या... कसं कळायचं रे?"

आतून काहीच आवाज येत नव्हता. मलाही तिथं बसवेना. जेवणसुद्धा न करता मी रामनगरची वाट धरली.