बोहनीचं कपाळ

बूढ़ापाऱ्याच्या बाजारगल्लीत फोनचे पैसे चालत नव्हते. नेटवर्क चांगलं होतं. अडत होतं ते कपाळापाशी.

दिवसाची पहिली विक्री म्हणजे बोहनी. तो पैसा दुकानदार आधी कपाळाला लावणार, मगच गल्ल्यात टाकणार. फोनमधला पैसा कपाळाला लावायचा कसा?

त्यामुळे वनमालाच्या फुलांच्या दुकानातला, फोनवर पैसे आले की मोठ्याने सांगणारा बोलका डबा मुकाच होता. गल्लीला या पैशाची सवय लावायची, हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम.

"दीदी, दशहरे तक कोई नहीं जुड़ा, तो डब्बा वापस. काम भी," डब्याच्या कंपनीचा विशाल बजावून गेला होता.

दसरा उजाडला. गल्लीने तराजू पुजले, कात्र्या पुजल्या. वनमालाने डबा पुजला.

"थांब वो, कुंकू मी लावतो," शेजारच्या पद्मिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातची बोहनी मिळावी म्हणून गल्ली भांडायची. त्यांनी कुंकू लावलं आणि हसत आपलं कपाळच डब्याला टेकवलं. "घे, लागलं कपाळ! आता तरी बोल!"

"पद्मिनीबाई से एक रुपया प्राप्त हुआ।"

भांडीवाले यशवंतराव खो खो हसले. "बाई, चोरून फोन घेतला का?"

"मले कोन देते फोन! मी तर बटनंबी नाही ओळखत!"

वनमालाने आपल्या फोनमध्ये पाहिलं. रुपया खरंच आला होता.

"माह्याबी दुकानात लाव वो डबा!" यशवंतराव ओरडले, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली जोडली गेली. विशाल पेढे घेऊन आला.

तेव्हापासून रोज सकाळी,

शटर अर्धं उघडलं की,

दुकानादुकानांत: पद्मिनीबाई से एक रुपया.

लोक फोन कपाळाला लावायचे आणि कामाला लागायचे. धंदा असा की झेंडू पुरेना. फक्त विशाल एकदा पुटपुटला, "इस नाम का खाता ही नहीं है, दीदी." आणि वनमालाला डबा उचलताना कोमट लागला. ताप नसलेल्या कपाळासारखा.

दिवाळीच्या पाडव्याला पद्मिनीबाई हसतच आल्या. "आज कुंकूच बसून नाही राहिलं वो! तीनदा लावलं." कपाळ कोरं होतं.

डबा बोलला.

वनमालाने सवयीने फोन कपाळाला लावला, खाली घेतला.

काचेवर लाल टिकली.

तिने पदराने पुसली. नखाने खरवडली.

कुंकू काचेच्या आतून होतं.

समोर यशवंतराव आपला फोन सदऱ्यावर घासत होते. त्यांच्या पलीकडचा दुकानदारही. त्याच्याही पलीकडचा.