चार मीटर दोर आणि आत्याचा शिरा

नांगर तळाला पोचला होता, तरी बोट मागे मागे सरकत होती. आता हे कसं काय बुवा?

बाबल गोंधळला. तो होता यंत्रमानव, आणि स्वतःच्या काटकसरीचा त्याला भारी अभिमान. बेटाच्या कुशीतल्या उथळ पाण्यात शिरताच त्यानं मोजलं होतं: पाणी तीन मीटर, बोटीचं नाक पाण्यावर एक मीटर. म्हणून नांगराला (बोट धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्याला) दोर बरोब्बर चार मीटर!

मागेच हेमाआत्याची प्रवाळबाग होती. प्रवाळ (तळाशी दगडासारखं घर बांधणारे चिमुकले जीव) तिनं सहा वर्षं जिवापाड जपले होते. बोट आदळली, की सगळ्याचा चुरा. ही सूर्यबोट दहा वर्षांच्या ऊर्मीच्या भरवशावर सोडून आत्या बेटावर गेली होती.

"वजन कमी पडतंय," म्हणत बाबलनं चटणीचा पाटा दोराला बांधून सोडला. गाठ सुटली, पाटा तळाशी. बोट आपली सरकतेच आहे.

"मी एकशे वीस किलो आहे. उडी मारू?"

"गप रे! विचार करू दे."

विचार करता करता तिनं आत्यानं केलेल्या शिऱ्यात उलथनं तिरकं खुपसलं. शिरा कसला, सिमेंटच! उलथनं वर ओढलं, टुपकन निघालं. पुन्हा खुपसून आडवं ओढलं, तर ते आणखी रुतलं आणि अख्खं पातेलंच मागून आलं.

"बाबल, दोर लांब हवा!" ती ओरडली. "आखूड दोर नांगराला वर उचलतो, म्हणून तो वाळूतून सुटतो. लांब दोर त्याला आडवा ओढेल. मग वारा बोटीला जितका ढकलेल, तितका नांगर रुतेल!"

"किती लांब?"

"पाचपट तरी. वीस मीटर!"

"वीस!" बाबलच्या अगदी जिवावर आलं. तरी त्यानं नांगर वर घेतला, वारा येत होता त्या दिशेनं बोट बरीच पुढे नेली, पुन्हा नांगर टाकला आणि मागे येत येत दोर सोडला. हिसका बसला. बोट थांबली. ऊर्मीला आनंदानं रडूच फुटलं.

आत्या परतली तेव्हा ऊर्मीनं तिला शिऱ्यासकट सगळं सांगितलं. बाबलनं मान खाली घालून विचारलं, "पाटा काढू?"

आत्यानं वाकून पाहिलं. पाट्याखाली एक पट्ट्यांचा मासा आधीच राहायला आला होता.

"रवांदे तो थंयसरच. माझी चटणी तरी कोण खाता? त्याच्यावर प्रवाळ लावूया. ऊर्मी, तू माझ्याएवढी होशीत तेव्हा थंय बाग झालेली असतली." मग तिनं पातेलं पुढे ओढलं. "पण आजपासून माझ्या शिऱ्याक कोणी नावां ठेवूची नाय!"