पॅसेजमधली कळ

कळ पहिल्यांदा आली ती ऑफिसातून परतल्यावर, चपला काढून घरात शिरताना. छातीत डाव्या बाजूला कुणी अंगठा रुतवून धरावा तशी. चार श्वास टिकली आणि दोन पावलं पुढे गेल्यावर थांबली.

जमिनी मोजण्यात जन्म गेलेला हा माणूस अंदाजावर कधी विसंबला नव्हता. पण थोरला भाऊ बावन्नाव्या वर्षी बसल्या जागी गेला होता, आणि याला आता बावन्नावंच लागलं होतं. त्यानंतर रोज कळ येऊ लागली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, पट्ट्यावर पळवून झालं.

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काळजीनंही छाती दुखते. कळ कधी येते, तेव्हा काय करत असता, ते लिहून ठेवा. आणि घाम फुटला, दम लागला, तर वही फेकून थेट इकडे या."

त्यानं इमानेइतबारे लिहिलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. वेळेचा काही मेळ बसेना. आठवड्यानं वही चाळताना मात्र त्याचं लक्ष भलतीकडेच गेलं. प्रत्येक नोंदीत एक शब्द होता: पॅसेजमध्ये.

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जाणारा तो अरुंद पॅसेज. रविवारी त्यानं तिथे येरझाऱ्या घातल्या. कळ एकाच फरशीवर येत होती, पहिल्या दिवशी आली तिथेच, दारालगत. पुढे नाही, मागे नाही. त्यानं खडूनं फुली मारली.

दुसऱ्या दिवशी फुलीवर काहीच झालं नाही. कळ थोडी पुढे सरकली होती.

गंमत अशी, की त्याची भीती पार उतरली. दुखणं आपल्या छातीत नाही, फरशीवर आहे, हे कळल्यावर कित्येक दिवसांनी तो पोटभर जेवला. रोज एक फुली, रोज टेपनं माप.

"अहो, दुखतंय का मोजताय?" बायको वैतागली. "मी दिवसातून पन्नासदा जाते इथून. मला नाही काही होत. फरशी पुसू की नको?"

"फुल्या सोडून पूस."

नऊ फुल्या झाल्यावर त्यानं त्या कागदावर उतरवल्या, एका सरळ रेषेत येतील म्हणून. त्या आल्या नाहीत. एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. दोन फुल्यांमधलं अंतर दर वेळी सव्वीस इंच.

तो उठला आणि पॅसेजमध्ये जाऊन पहिल्या फुलीवर उभा राहिला. डावा पाय, मग उजवा, मग डावा. पावलं बिनचूक पडत गेली. फक्त त्याला जरा आखूड चालावं लागलं.

दिवसाला एक पाऊल. घराच्या आत.

बायकोला त्यानं सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

दहावी फुली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडली. अकरावी आत.

बाराव्या दिवशी सव्वीस इंचांवर काहीच लागलं नाही. त्यानं सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं, कपाटामागे हात घातला. शेवटी अकराव्या फुलीला लागूनच, जेमतेम वीतभर बाजूला, कळ सापडली.

पाय जुळवून उभं राहिल्यासारखी.

पुढचे तीन दिवस ती तिथून हलली नाही.

चौथ्या दिवशी सुट्टी होती. आज हिला सगळं सांगायचंच, असं ठरवून तो वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. बायको पाठमोरी, ओट्याशी कांदा चिरत होती. दोन्ही फुल्या तिच्या टाचांच्या अगदी मागे होत्या.

तो काही बोलणार, तेवढ्यात तिनं मान न वळवता कोपरानं मागे हलकंच ढोसलं.

"सरका ना जरा मागे," ती म्हणाली. "किती गार पडलेत हात तुमचे."